आठ मिनिटांचा पेशंट

२ ऑक्टोबर

माझ्या न्हाव्याला आज मारलं. सात वर्षं दर गुरुवारी टीव्हीवर अख्ख्या गावाच्या दाढ्या करत आलो, आणि शेवट काय, तर शिडीवरून पडून मेला. पडतानाचा प्रसंगसुद्धा दिला नाही मला. त्याची बायको शेजारणीला म्हणते, 'गेला गं माझा माणूस,' आणि मालिका पुढे चालू. बुखारेस्टच्या कचेरीतली मुलगी फोनवर म्हणाली, "सर, प्रेक्षकांना फार वाईट वाटेल हो." मी म्हटलं, "मग पडताना दाखवा तरी त्यांना."

एकोणीस चित्रपट केले, त्यांतल्या अकरांत मेलो. फासावर, नदीत, खंदकात, एकदा लग्नाच्या पंगतीत घास अडकून. नाटकांत छत्तीस वर्षं नोटरी, पाद्री, घरमालक आणि बायकोने फसवलेले नवरे. आमच्या याश शहरात मी कुठेही गेलो तरी लोक थबकतात आणि म्हणतात, "अरे, हा तो!" वालेर ओब्रेजा हे नाव मात्र कुणाला आठवत नाही. वसंतात नाटक कंपनीतून निवृत्त झालो तेव्हा पुष्पगुच्छाच्या चिठ्ठीवर नाव चुकीचं होतं.

अनेताने रात्रीच्या जेवणाला विषय काढला. ती शाळेत रसायन शिकवायची. तिची जुनी विद्यार्थिनी आता मेडिकल कॉलेजात प्राध्यापक आहे, डॉक्टर स्टामाते.

"त्यांना परीक्षेला पेशंट लागतात. खोटे. पोरांनी तपासायचे."

"म्हणजे मी आता पोट धरून कण्हायचं?"

"घरी फुकट कण्हतोसच की. तिथे निदान कुणीतरी ऐकेल."

प्रत्येक भूमिकेला मी एक नवी वही करतो. ही वही न्हाव्याच्या भावासाठी आणली होती. तसा भाऊ पुढल्या वर्षी येणार होता म्हणे. आता हिच्यात पेशंट उतरवतो.

९ ऑक्टोबर

पहिला दिवस. स्टामातेबाईंनी काल एक कार्ड दिलं होतं. 'वय साठ. उजवीकडे बरगडीखाली दुखतं, तळकट खाल्ल्यावर. एकदा उलटी. बाकी तक्रार नाही.' एवढंच. एक विद्यार्थी आत येतो, आठ मिनिटांनी घंटा होते, दुसरा येतो. बाई काचेपलीकडे बसून बघतात.

असल्या कार्डावर कुणी उभं राहू शकतं का? मी रात्री बसून माणूस तयार केला होता. रेल्वेत सांधेवाला. धाकट्या भावाच्या मयताच्या जेवणाला डुकराचं मटण नको म्हणत असताना वहिनीने आग्रहाने वाढलं. दुखणं त्या ताटापासून. तिसऱ्या विद्यार्थ्याला मी भावाचं शेवटचं पत्र तोंडपाठ म्हणून दाखवलं. पोरगं रडायला लागलं. पोट तपासायचं राहूनच गेलं.

स्टामातेबाई आत आल्या. "ओब्रेजासाहेब, पित्ताशयाला एवढा भूतकाळ नसतो."

"माणसाला असतो."

"असतो. पण माझ्या पोरांना आठच मिनिटं असतात."

कॉलेजचा चढ चांगलाच आहे. वाटेत दोनदा थांबलो. लिंडनच्या झाडांची पानं पिवळी पडली आहेत, त्यांच्याकडे बघत उभा राहिलो. इतकी वर्षं या गावात काढली आणि पानं कधी बघितली नाहीत.

२० ऑक्टोबर

जमायला लागलंय. आता मी काहीच करत नाही. नुसता बसतो आणि दुखण्याची वाट बघतो. विचारलं तर सांगतो, नाही विचारलं तर गप्प. हे मला तीस वर्षांपूर्वी कळलं असतं तर!

पोरांच्या तऱ्हा बघण्यासारख्या. बहुतेक जण कागदाकडे बघूनच 'नमस्कार' म्हणतात. एकाने माझं पोट दाबत असताना खिडकीबाहेर बघून जांभई दिली. केस उंच बांधलेली एक मुलगी मला 'आजोबा' म्हणाली, तिला मी मनातल्या मनात नापास केलं.

संध्याकाळी थिएटरसमोरच्या कॅफेत फनिका भेटला. आम्ही एकाच वर्षी कंपनीत लागलो. जी भूमिका मला मिळाली नाही ती त्याला मिळाली आणि जी त्याला नाही ती मला, असं छत्तीस वर्षं चाललंय.

"काय रे, ऐकलं ते खरं? पोरांसमोर शर्ट काढतोस म्हणे."

"तुझ्यासारखं प्रेक्षकांसमोर विग काढण्यापेक्षा बरं."

"ते चुकून पडलं होतं!" मग माझ्याकडे बारीक नजरेने बघत म्हणाला, "तू असा करडा का दिसतोस? मेकअप धुतला नाहीस?"

मी म्हटलं, पेशंटचा रंग आहे, भूमिकेतून बाहेर यायला वेळ लागतो. त्यावर त्याने कधी नव्हे ते माझ्या कॉफीचे पैसे दिले.

३१ ऑक्टोबर

घाईत अक्षर वेडंवाकडं येतंय. असू दे.

बुखारेस्टहून राझवान नावाच्या दिग्दर्शकाचा फोन. बत्तीस वर्षांचं पोरगं, पण विचार पक्का. त्याच्या चित्रपटात धरणाच्या पाण्याखाली जाणारं गाव. सगळे नव्या वसाहतीत निघून गेलेत. एक म्हातारा, म्हणजे मी, एकटाच मागे उरतो, घराचं दार बिजागऱ्यांतून काढतो आणि पाठीवर घेऊन डोंगर चढतो. अख्खा चित्रपट त्या चढाचा. जानेवारीत, बर्फात, चौतीस दिवस.

"शेवटी मरतो का?" मी विचारलं.

"नाही सर. दार लावतो आणि आत जातो."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन अनेताला उचललं. म्हणजे उचलायला गेलो. अर्ध्यावर श्वास अडकला, तिला खाली ठेवलं, दोघंही हसलो. ती जरा कमी हसली. तिला बर्फाची काळजी.

७ नोव्हेंबर

दाराची तालीम सुरू. माळ्यावरच्या जुन्या कपाटाचं दार पाठीला दोरीने बांधलं आणि तळापासून चौथ्या मजल्यापर्यंत चढलो. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही याचा पहिल्यांदाच आनंद झाला.

दुसऱ्या मजल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली. छातीत कुणी पट्टा आवळल्यासारखं झालं आणि मी दारासकट पायरीवर बसलो. शेजारच्या प्रिसाकारुबाई भाजी घेऊन येत होत्या. त्यांनी पिशवी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. "काय जिवंत केलंत हो! मला वाटलं आता जाता!"

म्हातारा अंगात शिरतोय. या वयात असं क्वचित होतं. त्या अंधारीच्या वेळी चेहरा नेमका कसा होता ते आरशात बघायला हवं होतं.

अनेताला सांगितलं नाही. ती उगाच बाऊ करते. आताशा मला तीन उशा लागतात यावरही बोलत असते.

१३ नोव्हेंबर

आज खरी परीक्षा होती. सकाळपासून चौदा जण. तेरा जणांनी पित्ताशय पकडलं. चौदावी मुलगी ईलिंका, दोरोहोय गावाकडची, एवढीशी, कोट तिच्यापेक्षा दोन मापं मोठा. आत आल्यावर आधी हातावर हात चोळत उभी राहिली.

"माझे हात गार असतात. एक मिनिट हं."

सगळ्यांत तीच बरी असं मनात आलं. पोट नीट तपासलं. दुखतं तिथे बोट पोचताच मी श्वास रोखला, तिने मान हलवली. मग स्टेथोस्कोप छातीला लावला आणि तिथेच थांबली. सरकवला, परत थांबली. मानेच्या बाजूला लावला. मला श्वास सोडून थांबायला सांगितलं, पुढे वाकायला सांगितलं. तिचे डोळे मिटलेले. वेळ निघून चाललेला.

"जिना चढताना दम लागतो का तुम्हाला?"

कार्डावर 'बाकी तक्रार नाही'. मी म्हटलं, "नाही."

"ओझं उचलताना चक्कर? छाती आवळल्यासारखी?"

"नाही."

घंटा झाली. पित्ताशयाबद्दल बोलायचं तिचं राहूनच गेलं. काचेपलीकडच्या परीक्षकांना तिने सांगितलं, हृदयात आवाज आहे. आज स्टामातेबाई नव्हत्या, दुसरेच कुणी गृहस्थ होते. त्यांनी कार्ड दाखवलं, यात असं काही नाही, तुम्ही मनाचं सांगताय. नापास.

पेशंटनेही एक फॉर्म भरायचा असतो. मी लिहिलं, 'नको तिथे रेंगाळली. दुखणं सोडून भलतंच ऐकत बसली.'

बाहेर कॉरिडॉरमध्ये ती उभी होती. डोळे लाल, पण आवाज सरळ. "सर, हे परीक्षेतलं नाही. तुमच्या छातीत खरंच आवाज आहे. दाखवून घ्या."

मला हसू आवरेना. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "बाळ, अभिनय म्हणतात त्याला." घरी येताना ट्राममध्ये विचार करत होतो की छत्तीस वर्षांत एकाही समीक्षकाने मला एवढी दाद दिली नाही. माणूस बघून रडला, हसला, हे ठीक. पण हृदयाने भूमिका करावी!

२१ नोव्हेंबर

ती मुलगी आज ट्रामच्या थांब्यावर माझी वाट बघत होती. नाक लाल झालेलं, केव्हापासून उभी असेल कोण जाणे.

"तुम्ही दाखवलंत?"

"तुझी फेरपरीक्षा कधी आहे?"

"फेब्रुवारीत. ते सोडा. दाखवलंत का?"

माझं डोकं फिरलं. चार लोकांसमोर म्हटलं, "मार्कांसाठी म्हाताऱ्या माणसाला घाबरवतेस? लाज नाही वाटत?"

 तिने हातमोजा घातलेल्या हाताने तोंड पुसलं आणि चढ चढून निघून गेली. एका दमात, न थांबता. मी बघत होतो.

हे लिहून झाल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

२४ नोव्हेंबर

चित्रपटवाल्यांना तब्येतीचा दाखला हवाय. शाळेतला मित्र बुल्गारु डॉक्टर आहे. त्याने कागदावर सही करता करता विचारलं, "ठणठणीत ना?" मी म्हटलं, "घोड्यासारखा." त्याने शिक्का मारला. छातीला हात लावायचं नाव नाही. पाच मिनिटं न्हाव्याबद्दलच बोलत होता, बुल्गारुच्या बायकोला फार हळहळ वाटली म्हणे.

दाखला टेबलावर ठेवला होता. अनेताने तो वाचला, परत तिथेच ठेवला आणि सूप वाढलं.

२७ नोव्हेंबर

बाजारातून आलो तर अनेता फोनवर. "...नाही गं, सरळ सांगितलंस तर तो यायचाच नाही. त्याला..." मला बघून म्हणाली, "बरं, मग मी लोणच्याचं उद्या सांगते," आणि फोन ठेवला.

आमच्याकडे यंदाचं लोणचं ऑक्टोबरातच घालून झालंय. वय होतंय तिचं.

३० नोव्हेंबर

कॉलेजकडून पाकीट आलं. नवी भूमिका, आणि यावेळी चार ओळींचं कार्ड नाही, दोन पानं! स्टामातेबाईंनी वर लिहिलंय, 'हे तुम्हालाच जमेल असं सांगण्यात आलं. सावकाश वाचा.' मुद्दे अ, ब, क, ड असे घातलेत, शाळेतल्या प्रश्नपत्रिकेसारखे, खाली दोन-दोन रेघा. लेखक कोण आहे कळलं नाही, पण माणूस पाहिलेला आहे त्याने. असं लिखाण मालिकेत सात वर्षांत आलं नाही.

'अ. चढावर थांबतो. कुणी विचारलं तर पानं बघत होतो म्हणतो.

ब. तीन उशांशिवाय आडवा होत नाही.

क. ओझं घेऊन चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते, छाती आवळते. घरी सांगत नाही.

ड. पहिल्यांदा विचारल्यावर सगळं नाकारतो. हातात मोठं काम आलेलं आहे, ते जाईल ही भीती.'

मी पेन्सिल घेऊन बसलो. सवयीप्रमाणे जिथे मला काही भर घालता येईल तिथे खूण करायची. अर्ध्या तासाने बघितलं तर कागदावर एकही खूण नव्हती. पाठ करायलाही काही नव्हतं. सगळं येत होतं.

पानं मी खरंच बघत होतो का? आज आठवून बघितलं. चढावरच्या त्या झाडांवर आता महिनाभर एक पान नाही. मी थांबतोच आहे.

उठून खिडकीपाशी गेलो. प्रिसाकारुबाईंनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मी पायरीवर काहीच करत नव्हतो. नुसता बसलो होतो. त्या मुलीने डोळे मिटले होते ते आठवलं.

अनेता आतून म्हणाली, "काय झालं?"

"काही नाही. भूमिका वाचतोय."

"कशी आहे?"

"सोपी आहे," मी म्हटलं. भीती वाटली की मी गादीवर न बसता खुर्चीवर बसतो. आज खुर्चीवर बसून लिहितोय.

३ डिसेंबर

अनेता कधी माझ्या तालमीला येत नाही. आज म्हणाली, तिकडे जवळच काम आहे, सोबत येते. टॅक्सीने थेट दारापर्यंत नेलं मला. तिच्या हातात एक पिशवी होती आणि पिशवीत माझा पायजमा दिसत होता. विचारलं तर म्हणाली, शिंप्याकडे द्यायचाय.

खोलीत विद्यार्थी नव्हते. स्टामातेबाई स्वतःच कोट घालून बसलेल्या. म्हणाल्या, आज मुलं दुसरीकडे आहेत, आपण दोघंच करून बघू. कोपऱ्यात हृदय बघायचं, पडदा असलेलं एक मशीन चालू होतं.

"बसा. जिना चढताना दम लागतो?"

मुद्दा ड. पहिल्यांदा विचारल्यावर नाकारतो. मी तोंड उघडलं. 'नाही' हा शब्द जिभेवर होता. छत्तीस वर्षांत मी संहितेबाहेर कधी गेलो नाही, पावसात छप्पर गळत असतानाही नाही.

"लागतो," मी म्हटलं. "ऑगस्टपासून लागतो. दोनदा पडता पडता राहिलो. आणि मला पुढच्या महिन्यात पाठीवर दार घेऊन डोंगर चढायचाय."

बाईंनी हातातला कागद खाली ठेवला. "शर्ट काढा, सर."

पुढचा अर्धा तास कुणीच अभिनय केला नाही. हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथली झडप. पडद्यावर त्यांनी दाखवली. उघडायची तेवढी उघडत नाही, चुना धरल्यासारखी झालीय, चिमटीएवढ्या फटीतून सगळं चाललंय. मी विचारलं, "दार घेऊन चढलो असतो तर?"

"दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी," त्या म्हणाल्या. 

बारावं मरण. आणि कॅमेरा चालू असता.

बाहेर अनेता बाकावर बसली होती. मी काही सांगायच्या आतच तिने पिशवी पुढे केली. शिंप्याकडे जायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही, पण बरं झालं, कारण मला तिथेच ठेवून घेतलं. तिला मी जवळ घेतलं. ती एवढं रडली की मला वाटलं मी दार घेऊन वर पोचलो.

५ डिसेंबर

वॉर्डात आहे. शस्त्रक्रिया मंगळवारी.

राझवानला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, मी थांबलो असतो. बर्फ थांबणार नाही." मी म्हटलं, "फनिकाला घे. पाठ मजबूत आहे त्याची." हे वाक्य बाहेर पडताना टाके नसतानाही दुखलं.

दुसरं काम राहिलं होतं. नर्सकडून कागद मागून घेतला आणि परीक्षा समितीला लिहिलं: '१३ नोव्हेंबरला पेशंट या नात्याने मी दिलेला अभिप्राय चुकीचा आहे. कुमारी ईलिंका रेंगाळली नाही. तिने मला विचारलेल्या दोन प्रश्नांची मी खोटी उत्तरं दिली. तिने ऐकलेला आवाज माझाच आहे आणि तो आता याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, खाट नऊवर, हवा तेव्हा ऐकायला मिळेल.' खाली पूर्ण नाव लिहिलं.

७ डिसेंबर

समितीचे तीन जण खरोखरच आले. रांगेने उभे राहून एकेकाने ऐकलं. ईलिंकाला नापास करणारे गृहस्थ शेवटी होते. त्यांनी जरा जास्तच वेळ ऐकलं, मग स्टेथोस्कोप गळ्यात टाकून म्हणाले, "कार्ड बघण्याची घाई केली मी." एवढं बोलायलाही माणूस लागतो. मुलीला पास केलं.

फनिका आला. संत्री आणली, ती स्वतःच सोलून खात बसला. त्याला काही सांगायचं होतं, सांगवत नव्हतं.

"बोल की."

"मी नाही म्हणून सांगितलं त्या पोराला."

"गाढव आहेस. उद्या फोन करून हो म्हण."

"तुझं आहे ते."

"माझं होतं. आता ऐक. दार खांद्यावर घ्यायचं नाही. कड पाठीच्या हाडाखाली टेकव आणि हनुवटी खाली. दुसऱ्या मजल्यावर कळेल तुला."

तो उठला, दोन खाटांमधल्या जागेत वाकून उभा राहिला. मी म्हटलं, अजून खाली. शेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, "अहो, हा तो ना?" आम्ही दोघांनीही एकदमच मागे वळून बघितलं.

२२ डिसेंबर

घरी. पंधरा दिवस लिहिता आलं नाही. काय लिहू? झोपलो आणि उठलो. उठलो तेव्हा अनेताचं तोंड अगदी जवळ होतं आणि ती म्हणत होती, "श्वास घे, गप्पा नंतर मार." मी म्हणे भूल उतरताना न्हाव्याचे संवाद म्हणत होतो आणि नर्सला विचारत होतो, दाढी की केस?

धातूची झडप बसवली आहे. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभर. नाताळाला कोबीच्या पानातले खिम्याचे गोळे दोनच खायचे, कारण कोबी त्या गोळ्यांशी भांडतो. तेवढंच काय ते वाईट. चार मजले चढून आलो. तिसऱ्यावर थांबलो, सवयीने. मग लक्षात आलं की थांबायचं कारण नाही, आणि तसाच उभा राहिलो. अनेताला वाटलं दुखतंय. तिला कसं सांगू!

ईलिंका दोरोहोयला जायच्या आधी भेटून गेली. हात चोळून गार हात गरम केले, ऐकलं, आणि हसली. ट्रामच्या थांब्यावर बोललो त्याबद्दल मी माफी मागितली. ती म्हणाली, "काका, माझे वडील पण असंच ओरडायचे." मी विचारलं, "मग त्यांनी दाखवलं का?" तिने मान हलवली, नाही. मग अनेताने तिला डबा भरून दिला आणि दाराशी दोघी बराच वेळ कुजबुजत होत्या. ओळख नसताना बायकांना इतकं काय बोलायचं असतं कोण जाणे.

अनेताला म्हटलं, ते दोन पानांचं लिहिणारा कोण होता ते शोधून काढायला हवं. त्याला भेटून हात मिळवायचाय.

"मिळव ना," ती म्हणाली, आणि पिठाचे हात तसेच पुढे केले. मी म्हटलं, आधी शोधू तर दे. ती कपाळाला हात लावून आत गेली. कपाळावर पीठ लागलं होतं.

१८ फेब्रुवारी

फनिकाचा डोंगरावरून फोन. दोन किलोमीटर बर्फात दार घेऊन चढला. "हाडाखाली टेकवलं," म्हणाला. "पण अरे, वर पोचल्यावर मला रडू आलं आणि त्या पोराने कॅमेरा बंद केला नाही." मला मत्सर वाटला. साधारण पाव तास. मग जेवलो.

११ मार्च

रेडिओवर काम मिळालं. श्राव्य नाटक, पाऊण तासाचं. बंद पडलेल्या स्टेशनवर गाडीची वाट बघणारा म्हातारा, म्हणजे मी, आणि त्याला गाडी येणार नाही हे न सांगणारी तिकीटवाली. दिग्दर्शिका करारी बाई आहेत, ध्वनिमुद्रणाला लिव्यू.

पहिलं वाक्य म्हणून झालं आणि लिव्यूने काचेपलीकडून हात वर केला. "कुणाच्या तरी मनगटावर घड्याळ आहे."

सगळ्यांनी घड्याळं काढून बाहेर ठेवली. परत सुरू केलं. परत हात वर. "अजून आहे." भिंतीवरचं काढलं. तिकीटवालीने बांगड्या काढल्या. लिव्यू आत येऊन टेबलाखाली कान लावून बघू लागला. "टिक, टिक, टिक. हे बघा. मला वेड लागेल."

मला केव्हाच कळलं होतं. घरात शांतता असली की ऐकू येतं ते. अनेताला आता त्याशिवाय झोप येत नाही म्हणते. पण सांगितलं तर हेही काम गेलं, असं वाटून मी गप्प बसलो होतो. नोव्हेंबरात बसलो होतो अगदी तसाच. ते ओळखीचं वाटलं आणि लाज वाटली.

"लिव्यू," मी म्हटलं, "ते काढून ठेवता येणार नाही." आणि शर्टाचं वरचं बटण उघडलं.

झडपेची टिकटिक सगळ्यांना ऐकू आली. मग तिकीटवाली खुदकन हसली, लिव्यू जमिनीवरच बसला, आणि दिग्दर्शिकाबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले, हसून की कशाने माहीत नाही.

"दुसरं कुणी घ्या हवं तर," मी म्हटलं.

"कशाला? स्टेशन आहे," बाई म्हणाल्या. "स्टेशनवर घड्याळ असायचंच. लिव्यू, उलट जवळून घे."

रेकॉर्डिंगच्या शेवटी नुसत्या खोलीची शांतता एक मिनिट मुद्रित करून ठेवतात. नंतर जोडकामाला लागते. लिव्यूने दिवा लावला आणि तोंडावर बोट ठेवलं. मी माइकसमोर खुर्चीवर हात गुडघ्यांवर ठेवून बसलो. बाकी सगळे उभे होते तिथेच थबकले. कुणी हललं नाही, खोकलं नाही. एक अख्खं मिनिट सगळे माझ्याकडे बघत ऐकत होते, आणि मला काहीही करायचं नव्हतं.

घरी आल्यावर अनेताने विचारलं, "कसं झालं?"

"शांततेत मी फार चांगला होतो," म्हटलं.